रानात लपवलेल्या डब्याचा रंग

जीपीएसच्या नागरी संकेतात अमेरिकेने मुद्दाम ठेवलेली चूक मे २०००च्या सुरुवातीला काढून टाकली. तोवर साध्या माणसाच्या हातातलं यंत्र शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवायचं, ते एकदम दहा-वीस मीटरवर आलं. ही अचूकता आजमावायला ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक काळी प्लॅस्टिकची बादली झाडीत अर्धी पुरली. आत पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक बेचकी, घेवड्याचा डबा असलं काहीबाही होतं. त्यांनी अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले आणि अट घातली: काही घ्या, काही ठेवा, वहीत नोंद करा. थोड्याच दिवसांत माइक टीग यांनी ती बादली शोधली. महिनाअखेरीस या खेळाला जिओकॅशिंग हे नाव मिळालं.

त्या बादलीला रंग लावायची गरज पडली नव्हती. ती काळी होती आणि अर्धी जमिनीत होती, तेवढ्यावर भागलं. पुढे खेळाने शहाणा नियम केला की डब्यासाठी जमीन खणायची नाही. मग डबा वर आला: मुळांच्या बेचक्यात, दगडाच्या कपारीत, झाडाच्या ढोलीत. तिथून रंगाची गोष्ट सुरू होते. शोधणाऱ्याला यंत्र डब्याच्या आसपास आणून सोडतं, तिथून पुढचं काम डोळ्यांचं. रंग नसेल तर डबा लांबूनच दिसतो आणि शोधण्यातली गंमतच संपते. शिवाय सहज चालत आलेला कुणीही तो उचलून नेतो.

सुरुवातीचा लाडका डबा म्हणजे लष्कराने वापरून विकायला काढलेली काडतुसांची पत्र्याची पेटी. ती मुळातच शेवाळी रंगाची, झाकणाला रबरी गॅस्केट, त्यामुळे आत पाणी जात नाही. पण बाजूवरच्या पिवळ्या लष्करी अक्षरांनी बघणारा दचकतो. म्हणून ती अक्षरं झाकायची प्रथा पडली. कित्येकांनी डब्यावर पहिला ब्रश फिरवला तो असा, लपवण्यापेक्षा खाडाखोडीसाठी.

लपवण्याचं शास्त्र त्याहून जुनं. १८४६ साली पेशावरला उभ्या राहिलेल्या ‘कोअर ऑफ गाइड्स’ पलटणीने लाल कोटांऐवजी मातकट कपडे घेतले आणि ‘खाक’, म्हणजे धूळ, या फारसी शब्दावरून जगाला खाकी मिळाली. पण एकच रंग पुरत नाही, हे अमेरिकन चित्रकार अ‍ॅबट थेअर यांनी १८९६ साली मांडलं. चितळाची पाठ गडद आणि पोट पांढरं का? वरून ऊन, खाली सावली. अंगाचा रंग त्याच्या बरोबर उलटा, त्यामुळे जनावराची गोलाई मारली जाते आणि नजरेला ते सपाट वाटतं. दुसरी युक्ती आकार तोडण्याची. आपल्याकडचा रातवा पाचोळ्यात बसला की हातभर अंतरावरून सुटतो, कारण ठिपक्या-रेषांनी पक्ष्याची कडाच दिसेनाशी होते. पहिल्या महायुद्धात फ्रान्सने १९१५ साली चित्रकार गिरां द सेव्होला यांच्या हाताखाली खास तुकडी केली, ती याच कामासाठी. घनवादी चित्रं, म्हणजे वस्तूचा आकार तुकड्यांत मोडून दाखवणारी चित्रं, काढणारी माणसं तिथे तोफांच्या कडा रंगांनी मोडत बसली.

आता बहुतेकांची चूक कुठे होते? लष्करी गणवेशाची नक्षी डब्यावर जशीच्या तशी उतरवतात. अमेरिकन सैन्याची पानांसारख्या ठिगळांची नक्षी १९४८ सालची. १९८१च्या गणवेशासाठी ती मोठी केली, कारण लांबून बारीक ठिगळं एकमेकांत मिसळून एकच डाग दिसतो. डबा मात्र वीतभर, आणि बघणारा पाव मीटरवर वाकलेला. एवढ्या जवळून ती मोठी ठिगळं चटकन डोळ्यात भरतात. रंग नव्हे, माप चुकलेलं असतं.

खरं काम साधं आहे. प्लॅस्टिकला आधी पॉलिश पेपर घासायचा, नाहीतर रंग पापुद्रा होऊन निघतो. मग प्रायमर, त्यावर मॅट रंगाचा हात. चकाकी हा डब्याचा सगळ्यात मोठा चुगलखोर, उन्हात एक तिरीप आली की सगळी मेहनत पाण्यात. डबा जिथे ठेवायचा तिथलीच नेचाची फांदी पृष्ठभागावर धरून वरून गडद फवारा मारला, की नेचाची फिकट सावली डब्यावर उरते आणि तिचं माप आपोआप बरोबर येतं. झाकणाची सरळ कड मात्र रंगाने नीट मोडत नाही. तिथे थोडी माती आणि सालीचे तुकडे गोंदाने चिकटवावे लागतात.

इतकं चांगलं लपवल्याचा एक धोकाही आहे. २०११ साली इंग्लंडमधल्या वेदरबी गावात कॅफेबाहेरच्या फुलांच्या कुंडीखाली ठेवलेला असाच एक डबा बॉम्ब समजून लष्कराच्या पथकाने स्फोट करून उडवला. बेवारस वस्तूला हात लावू नका, ही सूचना स्टेशनवर रोज ऐकणाऱ्या आपल्याला त्या गावकऱ्यांची भीती सांगावी लागत नाही. म्हणून वस्तीत डबा ठेवायचा तर जागेच्या मालकाची परवानगी घ्यावी, आणि रंग फवारण्याआधी झाकणावर मास्किंग टेपचा एक चौकोन चिकटवून ठेवावा. रंग वाळल्यावर टेप काढली की खाली कोरी जागा मिळते. तिथे पक्क्या शाईने लिहायचं: हा खेळाचा डबा आहे, आत धोकादायक काही नाही.