मिटणारा बुडबुडा आणि बदलणारा दगड

परवा दांडिया बाजारात चष्म्याच्या दुकानात माझा चष्मा स्टीलच्या छोट्या टाकीत बुडवला. गुणगुण सुरू झाली आणि नाकाच्या पॅडांमागचा मळ धुरासारखा पाण्यात उतरला. ‘काका, मशीन जोरात हलवतं ना, म्हणून निघतो,’ दुकानातला मुलगा म्हणाला. त्या टाकीत चालतो तो अल्ट्रासाउंड, म्हणजे कानाला ऐकू न येणारा ध्वनी. त्याच्या मदतीने झिओलाइट नावाच्या एका सच्छिद्र खनिजाचं दुसरं झिओलाइट लवकर करता येतं, हे वाचल्यावरही बहुतेकांच्या मनात हेच येतं: लाटेने अणू हलवले, सुटे केले, नव्याने बसवले. घडतं ते वेगळंच, आणि कितीतरी सुंदर.

झिओलाइट म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनची सच्छिद्र जाळी. 1756 मध्ये स्वीडनचे खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेट यांनी असं खनिज तापवलं तेव्हा त्यातून वाफ उसळली, म्हणून ग्रीकवरून नाव पडलं ‘उकळणारा दगड’. सह्याद्रीच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत ही खनिजं भरपूर मिळतात. आपल्या वडोदऱ्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीसारख्या ठिकाणी जड तेल फोडायला जे उत्प्रेरक लागतात, त्यांचा कणा म्हणजे ‘वाय’ नावाचं झिओलाइट. त्याच्या छिद्रांची दारं 0.74 नॅनोमीटरची. हेच वाय पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात 95 अंश सेल्सिअसला चार दिवस ठेवलं की त्याचं चॅबाझाइट हे दुसरं झिओलाइट होतं. जाळी जास्त घट्ट, दारं 0.38 नॅनोमीटरची. डिझेल ट्रकच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मोडायला तांबं भरलेली हीच जाळी वापरतात.

आता लाटेकडे पाहू. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, म्हणजे 20 किलोहर्ट्झला लाटेची लांबी साडेसात सेंटिमीटर. झिओलाइटचा कण एखाद-दोन मायक्रोमीटरचा. तो लाटेबरोबर अख्खा डुलतो, त्याच्या आतला बंध काही तुटत नाही.

काम करतो बुडबुडा. लाट पाणी ताणते तेव्हा विरघळलेल्या वायूभोवती पोकळी फुगते, आणि लाट दाबते तेव्हा चहूबाजूंचं पाणी आत कोसळून ती मिटते. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दट्ट्या ढकलला की पंप तापतो, तसाच आतला वायू तापतो. पण इथे उष्णतेला निसटायला वेळच नसतो. क्षणभर सुमारे 5000 केल्विन तापमान, दाब शेकडो वातावरणांचा, आणि भोवतीचं द्रावण जवळपास होतं तसंच!

काचेसारख्या मोठ्या पृष्ठाजवळ बुडबुडा एका बाजूने आत घुसत मिटतो आणि पाण्याची पिचकारी मारतो. भुकटीचा कण बुडबुड्याहून फार लहान, तिथे ही पिचकारी बनत नाही. तिथे बुडबुडा मिटताना उठणाऱ्या आघातलहरी कणांना एकमेकांवर फेकतात. रसायनशास्त्रज्ञ डॉक्टिच आणि सस्लिक यांनी 1990 मध्ये द्रवातल्या धातूंच्या भुकटीवर हे दाखवलं: क्रोमियम आणि मॉलिब्डेनमचे कण आदळल्या जागी वितळून चिकटले, टंगस्टनचे मात्र नाही. झिओलाइट ठिसूळ. ते तडकतं, ताजे पृष्ठ उघडे पडतात, अल्कली तिथे शिरते, सिलिकॉन-ॲल्युमिनियम सुटून द्रावणात येतात आणि नव्या स्फटिकाची बीजं लवकर धरतात. नवी जाळी विणतात ती अल्कली, पोटॅशियम आणि उष्णता. नुसत्या पाण्यात कितीही घुमवलं तरी चॅबाझाइट मिळणार नाही.

झिओलाइटची पूड प्यायली की शरीरातलं ‘विष’ निघतं, अशा जाहिराती फिरतात. जाळी धातूंचे आयन धरते हे खरं, पण त्यावरून या दाव्याला वैद्यकीय पुरावा मिळत नाही. पैसे घालवू नका.

अल्ट्रासाउंडची ही पद्धत वापरताना खरी अडचण कारखान्यात येते. द्रावणात बुडवून ध्वनी सोडणाऱ्या टायटॅनियमच्या कंपनदांड्याच्या टोकाजवळच बुडबुडे दाटतात, मोठ्या टाकीच्या कोपऱ्यांत जेमतेम पोहोचतात. शिवाय ते दांड्याचं टोकही कुरतडतात, आणि टायटॅनियमचे कण झिओलाइटमध्ये मिसळतात.