लेझर हेअर रिमूव्हल
लेझर हेअर रिमूव्हल म्हणजे लेझरच्या प्रकाशाने केसाचं मूळ तापवून ते निकामी करायची ट्रीटमेंट. मुंबईत दादर म्हणा, ठाणे म्हणा, बोरिवली म्हणा, स्टेशनबाहेर पडलं की याची एखादी पाटी दिसतेच आणि तिच्यावर बहुतेकदा 'कायमची सुटका' असं काहीतरी असतं, त्यावर जाऊ नका. केस बरेच कमी होतात, जे उरतात ते बारीक नि विरळ होतात, पण एकूण एक केस जन्माचा गेला असं सहसा होत नाही आणि वर्षा-दोन वर्षांनी अधूनमधून टचअप लागतोच.

केसाच्या मुळाशी मेलॅनिन म्हणजे काळा रंग देणारं द्रव्य असतं, ते प्रकाश शोषून तापतं आणि त्या उष्णतेने केस उगवणाऱ्या पेशी मरतात. आजूबाजूच्या भागाला धक्का न लावता हवं तेवढंच तापवायचं हे तत्त्व रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या अमेरिकन डॉक्टरांनी १९८३ मध्ये मांडलं. आता आपली अडचण अशी की मेलॅनिन कातडीतही असतं, आणि आपण बहुतेक गव्हाळ ते सावळे, त्यामुळे चुकीच्या मशीनने किंवा जास्त पॉवरने केसाआधी कातडीच भाजते. लेझरचे प्रकार प्रकाशाच्या तरंगलांबीवरून ठरतात: ७५५ नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट सावळ्या रंगावर फार जपून वापरावा लागतो, ८१० च्या आसपासचा डायोड बऱ्याच जणांना चालतो, आणि १०६४ चा एनडी-यॅग कातडीतल्या मेलॅनिनला कमी डिवचत खोल जातो म्हणून गडद रंगाला तोच जास्त सेफ, फक्त बारीक केसांवर त्याचा तितका जोर चालत नाही. आयपीएल, म्हणजे अनेक तरंगलांबींच्या प्रकाशाचे झोत, हा मुळात लेझरच नाही, तरी लेझर म्हणून खपवला जातो. म्हणून पॅकेजचा रेट विचारायच्या आधी मशीन कुठलं ते विचारा, आणि पॅच टेस्टशिवाय, म्हणजे आधी कातडीच्या छोट्या तुकड्यावर करून बघितल्याशिवाय, पैसे भरू नका.

सगळे केस एकाच वेळी वाढीच्या टप्प्यात नसतात आणि लेझर वाढत्या केसावरच नीट लागू पडतो, म्हणून साधारण ६ ते ८ सिटिंग, चेहऱ्याला ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने आणि अंगाला ६ ते ८. थोडक्यात वर्षभराचं काम आहे, हळद महिन्यावर आल्यावर धावत जाऊन उपयोग नाही. या काळात वॅक्स, थ्रेडिंग, चिमटा सगळं बंद, कारण मूळच उपटलं तर लेझर तापवणार काय? रेझर चालतो, आदल्या दिवशी त्यानेच साफ करून जायचं. रेझरने केस दाट येतात असं घरातली एखादी मावशी सांगणारच, तसं काही नसतं.

प्रत्यक्ष सिटिंगमध्ये डोळ्यांवर गॉगल, अंगावर थंड जेल, मग रबरबँड सटकन बसावा तसे चटके आणि जळक्या केसांचा वास. काख दहा-पंधरा मिनिटांत होते, पूर्ण पाय तासभर खातात. नंतर प्रत्येक केसाभोवती लालसर पुटकुळी येते, ती काही तासांत नाहीतर एक-दोन दिवसांत बसते. तेवढे दिवस गरम पाणी, जिम, डिओ नको, आणि घामाघूम होऊन विरारच्या गर्दीत घुसायचंही शक्यतो टाळा, सैल कॉटनचं घाला. सनस्क्रीन रोज, एसपीएफ ३० च्या वरचं. उन्हात रापून आला असाल तर सिटिंग सरळ पुढे ढकला. आठ-पंधरा दिवसांनी काळे ठिपके वर येतात, ते नवे केस नव्हेत, मेलेले बाहेर पडत असतात.

पांढऱ्या आणि भुऱ्या केसांवर हे चालत नाही, तिथे इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे बारीक सुईने एकेका मुळाला करंट देणं. पीसीओएस (बायकांमधला हार्मोन्सचा बिघाड) असेल तर हनुवटीवर नवे केस येतच राहतात, त्याची ट्रीटमेंट सोबत हवी. आणि एक गोष्ट पार्लरवाले सहसा सांगत नाहीत, गालावर, जबड्याखाली नुसती लव असेल तर लेझरने ती उलट राठ होऊ शकते, तिथे हात न लावलेलाच बरा. गरोदरपणात डॉक्टर थांबायलाच सांगतात.

भाजलंच तर फोड येतो, मग काळे डाग, ते जायला महिने लागतात, क्वचित पांढरे डागही पडतात. फोड फोडू नका, टूथपेस्ट थापू नका, त्याच दिवशी स्किनच्या डॉक्टरला दाखवा, आणि ते सेंटर कितीही सॉरी म्हणालं तरी पुढचं सिटिंग तिथे घेऊ नका.