दातांचं कीटण काढायची हत्यारं अशी वाकडीतिकडी का असतात?

स्केलिंग, म्हणजे कीटण खरवडून दात साफ करताना डेंटिस्टच्या ट्रेमध्ये ती आकड्यांसारखी स्टीलची हत्यारं असतात ना, त्यांच्या प्रत्येक वळणामागे काहीतरी कारण आहे आणि गोष्ट हजारेक वर्षं जुनी आहे. स्पेनमधल्या कॉर्डोबाजवळ राहणारे सर्जन अल-झहरावी यांनी तेव्हाच कीटण खरवडायच्या 14 हत्यारांची चित्रं देऊन ठेवली होती, वर हेही सांगितलं की दाताच्या बाहेरून एक, आतून दुसरं आणि फटीत तिसरंच हत्यार लागतं, एका बैठकीत नाही निघालं तर दुसऱ्या दिवशी परत बसायचं. आजचा डेंटिस्टही साधारण हेच सांगतो!

मग 1728 मध्ये फ्रान्सचे डेंटिस्ट पियेर फोशार यांनी आपल्या हत्यारांचं सविस्तर वर्णन छापलं. पण खरा फरक पडला तो एकोणिसाव्या शतकात, अमेरिकेतल्या हार्टफर्डचे डेंटिस्ट जॉन रिग्ज यांच्यामुळे. तेव्हा हिरडी खराब झाली की कापून टाकायची पद्धत होती, रिग्ज म्हणाले हिरडी कापू नका, तिच्याखाली मुळावर जे साचलंय ते खरवडून काढा. हिरड्यांच्या या आजाराला लोक पुढे कितीतरी वर्षं रिग्जचा आजारच म्हणत होते.

आता हिरडीच्या आत शिरायचं तर टोकदार स्केलर (कीटण खरवडायचं हत्यार) चालत नाही, आतला भाग फाटतो, म्हणून गोल टोकाचं आणि गोल पाठीचं हत्यार वापरतात, तीच क्युरेट. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे मिशिगनच्या क्लेटन ग्रेसी यांची, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली. साध्या युनिव्हर्सल क्युरेटला दोन्ही बाजूंनी धार वापरता येते, ग्रेसीचं पातं मात्र मुद्दाम कललेलं, एकच कड दातावर चालते आणि दुसरी हिरडीला त्रास देत नाही. शिवाय प्रत्येक जागेचा नंबर वेगळा, 11-12 दाढेच्या पुढच्या बाजूला, 13-14 मागच्या बाजूला. पाठ करताना विद्यार्थी वैतागतात पण आयडिया जबरदस्तच आहे.

1950 च्या दशकात वेगाने थरथरणाऱ्या टोकाचं अल्ट्रासोनिक मशीन आलं, आधी ते दात भरण्यापूर्वी त्यात खड्डा करायला वापरून बघत होते, नंतर स्केलिंगला लावलं आणि तिथेच टिकलं. भरपूर कीटण असेल तर त्याने काम पटापट होतं, तरी हाताची हत्यारं गेली नाहीत, कारण मुळावरचा खडबडीतपणा बोटांना त्यांच्यातूनच नीट कळतो. फक्त धार सारखी लावावी लागते, बोथट क्युरेट कीटण काढायच्या ऐवजी वरून गुळगुळीत करून ठेवते आणि मग ते तपासताना हाताला लागतही नाही.