रंकाळा पुन्हा पुन्हा हिरवा का पडतो : पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यात केंदाळ (जलपर्णी) माजलं की ओरड होते, ते काढलं की विषय मिटतो. पुढे कधीतरी पाणी हिरवंगार होतं, वर साय धरते, वास सुटतो. तळ्यांच्या या आजाराचं मूळ सापडायला शास्त्रज्ञांनाही शंभरेक वर्षं लागली.

पाणी किती नितळ आहे हे पाहायला १८६५ मध्ये आंजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने पांढरी तबकडी समुद्रात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजलं. तळ्यांसाठी आज २० सेंटिमीटरची काळी-पांढरी तबकडी वापरतात. १८८८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ विंकलर यांनी विरघळलेला प्राणवायू मोजायची रीत दिली. ३०० मिलीच्या बाटलीत पाणी काठोकाठ भरायचं, मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचं. साका तपकिरी आला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर जवळपास नाही. बाटलीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी आकडा फुगतो.

पण दोषी कोण? कॅनडातल्या ऑन्टारियोत १९७३ मध्ये एका तळ्याला मधोमध पडदा लावला. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातले, फॉस्फरस मात्र एकाच भागात. तोच भाग शेवाळाने हिरवा पडला. १९७७ मध्ये शास्त्रज्ञ कार्लसन यांनी तबकडीची खोली, हरितद्रव्य आणि फॉस्फरस यांना एका निर्देशांकात बसवलं, आकडा जितका मोठा तितकं तळं जास्त शेवाळलेलं : तबकडी २ मीटरपर्यंत दिसली तर ५०, १ मीटरला ६०, अर्ध्या मीटरला ७०. गढूळ पावसाळी पाण्यात मात्र हा हिशेब फसतो, कारण तिथे तबकडी शेवाळाने नव्हे, मातीने झाकली जाते.

रंकाळ्यासारख्या शहरी तळ्यात फॉस्फरस येतो तो मुख्यतः नाल्यांच्या सांडपाण्यातून. मैला आणि साबणचुरा त्याचे मोठे वाटेकरी. नाले वळवले तरी पाणी लगेच निवळत नाही. गाळात लोहाला चिकटून बसलेला फॉस्फरस तळाशी प्राणवायू संपला की सुटून वर येतो. नाले तसेच ठेवून नुसता गाळ उपसणं तर पैसे पाण्यात घालणं.

नमुन्याची वेळही महत्त्वाची. दुपारी शेवाळ प्राणवायू सोडतं, तेव्हा आकडे झकास दिसतात; रात्रभर तेच शेवाळ श्वास घेतं, म्हणून मासे बहुधा पहाटे मरतात. तेव्हा नमुना उजाडायच्या आत घ्यावा, दर वेळी त्याच जागी, आणि तळाजवळचा वेगळा. काढलेल्या केंदाळाचा ढीग काठावर ठेवू नये. कुजून त्यातला फॉस्फरस पहिल्याच वळवात परत तळ्यात उतरतो.