सारवणापासून लादीपर्यंत: कोकणातल्या एकरंगी जमिनीची पार्श्वभूमी

गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी गेल्या उन्हाळ्यात ओटीवरची एक लादी काढावी लागली. पाण्याचा पाइप आत घ्यायचा होता. गवंड्याने सांध्यात छिन्नी घालून ती अलगद सोडवली आणि बाजूला ठेवली. मी ती उचलून अंगणात, उन्हात नेली. आठ इंच बाय आठ इंच, वरून गडद लाल, खालून राखाडी आणि खरखरीत. कडेला तीन थर उघड दिसत होते: वर लाल, मध्ये बारीक करडा, तळाशी जाड वाळूचा. लाल थर चांगला पाच मिलिमीटर जाड होता. तीन पिढ्यांनी त्या ओटीवर पाय घासले, पाट सरकवले, फणस फोडले, तरी रंग तसाच का राहिला, ते तेव्हा डोळ्यांना दिसलं. हा रंग लादीला वरून लावलेला नाही, तो तिच्या अंगातच आहे.

अशा एकरंगी सिमेंटच्या लाद्यांची सध्या पुन्हा चौकशी होऊ लागली आहे. नवीन घर बांधणारे, जुनं घर दुरुस्त करणारे, पर्यटकांसाठी खोल्या काढणारे त्या शोधत फिरतात. बहुतेकांना वाटतं, ही शहरातून आलेली नवी आवड आहे. मला तसं वाटत नाही. कोकणातल्या घराची जमीन मुळापासून एकरंगीच होती. लादी आली ती त्याच सवयीच्या पाठोपाठ आली, आणि म्हणूनच इथे इतकी मुरली.

लादीच्या आधी शेणाची जमीन होती. मातीची भर घालायची, पाणी मारायचं, चोपणीने चोपून चोपून ती घट्ट करायची, आणि मग सारवायची. या जमिनीचा रंगही लोक ठरवत. शेणात कोळशाची पूड कालवली की जमीन काळीभोर होई, तांबडी माती कालवली की तांबूस. सणाच्या आदल्या दिवशी सारवलेल्या त्या सलग जमिनीवर पांढरी रांगोळी उठून दिसे. जमीन साधी आणि शोभा तिच्यावर, हा क्रम तेव्हापासूनचा आहे.

भिंतींचंही तसंच. जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत, तिच्यावर शिंपले भाजून केलेल्या चुन्याचा गिलावा. सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंत आणि त्याखाली कारवारच्या पट्ट्यात देवळांच्या आणि मोठ्या घरांच्या भिंतींवर कावी काम दिसतं. पांढऱ्या चुन्यावर तांबड्या कावेचा ओला थर द्यायचा आणि तो कोरून खालचा पांढरा उघडा करायचा. रंग दोनच. जांभ्याचा लाल, कावेचा लाल आणि पुढे लादीत आलेला लाल, हे तिन्ही एकाच गोष्टीचे, लोहाच्या ऑक्साइडचे रंग आहेत. वेंगुर्ल्याजवळ रेडीच्या खाणींतून लोहखनिज निघतं, त्याच्याशीही याचं नातं आहे. लाल लादी कोकणातल्या घरात कधी परकी वाटत नाही, त्याचं निम्मं कारण मला इथेच सापडतं.

आता लादीकडे. जोसेफ ॲस्पडिनने इंग्लंडमध्ये 1824 साली पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सच्या दक्षिणेला, ऱ्होन नदीच्या खोऱ्यात, सिमेंटच्या लाद्या दाबयंत्रावर घडवायला सुरुवात झाली. 1867 च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात बार्सिलोनाच्या एका कारखान्याने त्या मांडल्या, आणि पुढच्या काही दशकांत त्या स्पेन, पोर्तुगाल, क्युबा, मोरोक्को, व्हिएतनाम अशा जगभरच्या बंदरांत पोचल्या. आपल्याकडे त्याच सुमारास येत होत्या त्या इंग्लंडमधल्या मिंटन कंपनीच्या भाजलेल्या मातीच्या टाइल्स. कुलाब्याचं अफगाण चर्च, भायखळ्याचं आजचं भाऊ दाजी लाड संग्रहालय, इथे त्या आजही पाहता येतात. त्या देखण्या होत्या, पण सरकारी इमारतींच्या आणि बड्या धनिकांच्या.

सिमेंटच्या लादीला भट्टी लागत नाही, आणि हाच तिच्यातला मोठा फरक. लोखंडी साच्यात आधी रंगीत लगदा ओततात: पांढरं सिमेंट, संगमरवराची भुकटी, बारीक वाळू, रंगाची पूड आणि पाणी. त्यावर सिमेंट आणि वाळूचं जवळजवळ कोरडं मिश्रण पसरतात. ते वरच्या थरातलं जादा पाणी शोषून घेतं. मग भरड वाळूचा थर, आणि वरून दाब. साचा उघडला की लादी तयार, पण कच्ची. ती एक दिवस तशीच ठेवायची, मग पाण्यात टाकून मुरवायची, मग सावलीत वाळवायची. जळण लागत नाही, मोठी यंत्रं लागत नाहीत. साचा, दाबयंत्र, पाण्याचा हौद आणि हाताला सवय असलेला माणूस असला की लहान गावातही कारखाना उभा राहतो. तमिळनाडूत चेट्टिनाडच्या भागात आत्तंगुडीला तर दाबयंत्राऐवजी काचेवर रंग ओतून आजही लाद्या करतात.

एकरंगी लादी ही यातली सगळ्यात सोपी, असं कुणाला वाटेल. नक्षीच्या लादीत रंग वेगवेगळ्या कप्प्यांत ओतावे लागतात, तसं इथे नसतं, हे खरं. पण नक्षीत एखादा डाग लपून जातो, एकरंगीत लपत नाही. आजच्या घाण्यातला लाल आणि उद्याच्या घाण्यातला लाल जुळला नाही, तर बसवल्यावर खोलीच्या मधोमध शिवण दिसते. रंगाची पूडही वाटेल तेवढी घालून चालत नाही. सिमेंटच्या वजनाच्या दहा टक्क्यांपुढे गेलं की लादीची ताकद कमी होते. लाल, पिवळा, काळा हे लोहाच्या ऑक्साइडचे, हिरवा क्रोमियमचा. सिमेंटच्या चुन्याला हे पुरून उरतात. टिकाऊ निळ्याला कोबाल्ट लागतं, ते महाग. म्हणून जुन्या घरांत लाल, काळ्या, पिवळ्या आणि हिरव्या लाद्या सर्रास दिसतात आणि निळी क्वचित.

यातला कोकणाचा स्वतःचा धागा उरणला आहे. स्वदेशीच्या चळवळीने भारावलेले फिरोजशा सिधवा आणि त्यांचे पुतणे रुस्तम सिधवा यांनी 1922 साली भारत टाइल्स ही कंपनी काढली आणि लाद्यांचा कारखाना उरणला उभा केला. तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातलं, मिठागरांचं आणि मासेमारीचं हे गाव मुंबईपासून एका खाडीच्या अंतरावर. परदेशी टाइलच्या तोडीची लादी आपल्या मातीवर करायची, हा त्यामागचा ध्यास होता. मुंबईत पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत मरीन ड्राइव्ह, दादर, माटुंगा या भागांत ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या जिन्यांत आणि दिवाणखान्यांत सिमेंटच्या लाद्यांचे पट आणि पट्टे आले. आर्ट डेको या भौमितिक रेषांच्या शैलीतल्या त्या इमारतींपैकी मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या परिसरातला समूह 2018 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा सगळ्यांचं लक्ष दर्शनी भागांकडे होतं. माझं मन मात्र त्यांच्या जमिनींकडे धावतं.

या मुंबईतूनच लादी कोकणात उतरली. गिरणीत, गोदीत, कचेरीत नोकरीला असलेला चाकरमानी शहरात ती पाहायचा, आणि गावचं घर नव्याने बांधायची वेळ आली की ओटीला तरी लादी हवी म्हणायचा. आधी आलेली मंगलोरी कौलंही अशीच किनाऱ्याने आली होती. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळूरला 1865 साली कौलांचा कारखाना काढला, आणि तिथून जहाजांनी कौलं वर चढली. आमच्या घरच्या सांगण्याप्रमाणे आमच्या लाद्या मुंबईहून गलबताने आल्या, दाभोळ खाडीत धोपाव्याला उतरल्या आणि तिथून बैलगाडीने घरी. एक लादी पावणेदोन किलोची. दहा बाय बारा फुटांच्या खोलीला 270 लाद्या लागतात, म्हणजे पावणेपाच क्विंटल वजन. पावसाळ्यात बंदरं बंद. तेव्हा नारळी पौर्णिमेनंतर माल आणायचा आणि पुढच्या मिरगाच्या आत काम उरकायचं. एवढा खटाटोप करून लोकांनी लाद्या आणल्या, यावरूनच त्यांची ओढ कळते.

ज्यांना लादी परवडत नव्हती त्यांनी लाल कोबा केला. रंग तोच, पण तो जागेवरच सिमेंटमध्ये कालवून पसरायचा आणि थापीने घोटून घोटून चकाकी आणायची. चांगला कोबा आरशासारखा दिसतो. पण जमीन जराशी खचली की त्याला तडा जातो आणि तो तडा दाराच्या उंबऱ्यापर्यंत धावतो. लादीचं तसं नाही, एक फुटली तर एकच बदलता येते.

शेणाच्या जमिनीची आठवण काढून हळहळणारे पुष्कळ आहेत. मला ती हळहळ अर्धीच पटते. दर चार-आठ दिवसांनी ओणवं बसून सारवण्याचं काम घरातल्या बायकांचं होतं, गरोदरपणात, तापात, भर पावसात. माझी आजी म्हणायची, लाद्या बसल्या त्या वर्षी पहिल्यांदा तिच्या गुडघ्यांना सुट्टी मिळाली. लादीच्या इतिहासात ही गोष्ट मला उरणच्या कारखान्याइतकीच महत्त्वाची वाटते.

एकाच रंगाच्या लाद्यांतून शोभा आणायची ती मांडणीतून. काळ्या-पांढऱ्या किंवा लाल-पिवळ्या लाद्यांचा बुद्धिबळाचा पट सगळ्यांना माहीत आहे. त्याहून देखणी मला वाटते ती सलग लाल जमीन आणि भिंतीपासून एक लादी सोडून फिरवलेला काळा पट्टा. खोली सरळ काटकोनात नसली की चूक या पट्ट्यात दिसते, म्हणून जुने गवंडी दोरी लावून पट्टा आधी ठरवत आणि उरलेला वाकडेपणा भिंतीलगतच्या कापलेल्या ओळीत जिरवत. लाद्या आधी पाण्यात भिजत घालत, सांधा अगदी बारीक ठेवत आणि तो त्याच रंगाच्या सिमेंटच्या पाण्याने भरत. गणपतीत ओटीवर रांगोळी घालायला बसलं की या सलग लालाची किंमत कळते. नक्षीच्या टाइलवर रांगोळी हरवते. इथे मात्र एकेक ठिपका मोजून घ्यावा.

भिंतीवर लादी चढली ती आधी न्हाणीघरात. चुलवणाच्या धगीने आणि पाण्याच्या शिंतोड्यांनी चुन्याचे पोपडे निघत, म्हणून कमरेएवढ्या उंचीपर्यंत लाद्या लावायची पद्धत पडली. गवंडी तिला आजही डॅडो म्हणतात. मग चुलीमागची भिंत, देवघराची पाठभिंत, दारातलं तुळशीवृंदावन. दुसऱ्या महायुद्धाआधी जपानहून भारतात लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं असलेल्या चकचकीत टाइल्स येत. सधन घरांत अशी एक टाइल मधोमध आणि भोवती साध्या लाद्या, अशी रचना दिसते. वृंदावनाला उरलेसुरले तुकडे लावायचे; त्यामुळे एखाद्या घरात एके काळी कोणते रंग होते, ते वृंदावनाकडे पाहून सांगता येतं.

या लादीला एक मोठी खोड आहे: आंबट तिला सोसत नाही. सिमेंटमधला चुना आम्लात विरघळतो. आमच्या माजघरात हिरव्या लाद्यांवर बशीएवढा फिकट गोल आहे. आगळाची, म्हणजे कोकमाच्या आंबट रसाची बरणी तिथे कलंडली होती, आणि पुसेपर्यंत वरची झळाळी गेली. रंग आतपर्यंत असल्यामुळे हिरवा उरला, पण तो गोल कायमचा. दुसरी तक्रार पावसाळ्यातली. जोत्यातून ओल चढते, लादीतून वर येते आणि सुकताना लाल-काळ्या लाद्यांवर पांढरी साय धरते. ही साय बुरशी नसते, सिमेंटमधला चुनाच पाण्याबरोबर वर येतो. ती ॲसिडने धुवायचा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. कृपा करून तसं करू नका, लादी खरवडून निघते. साधं पाणी, सोडणाचा घासा आणि धीर, एवढंच लागतं. नारळाच्या सोडणाने घासून घासून जुन्या जमिनींना जो मऊ तेज येतो, तो कुठल्याही पॉलिशने येत नाही.

स्वातंत्र्यानंतर लादीला सरकारी मानक मिळालं. भारतीय मानक 1237 हे 1959 साली आलं, आणि त्यात साधी सिमेंटची, साधी रंगीत आणि संगमरवराच्या खड्यांची मोझेक अशा तिन्ही लाद्या आहेत. बाजारात मात्र मोझेक पुढे गेली. शाळा, कचेऱ्या, एसटी स्टँड, सरकारी वसाहती सगळीकडे ती बसली. त्यात सिमेंटवर नियंत्रण होतं. परवान्याशिवाय पोतं मिळत नसे, आणि घर बांधणाऱ्याला जमिनीपेक्षा भिंतींना सिमेंट पुरवायची चिंता असे. हे नियंत्रण 1982 साली काही प्रमाणात सैल झालं आणि 1989 साली पूर्ण उठलं. राजस्थानात पांढऱ्या सिमेंटचे मोठे कारखानेही 1980 च्या दशकातच निघाले. म्हणजे रंगीत लादीला लागणारा माल मुबलक झाला, तेव्हाच तिची मागणी ओसरू लागली होती. लोकांना आता स्पार्टेक हवी होती. त्या कंपनीचं नाव आमच्याकडे चकचकीत टाइलचंच नाव होऊन बसलं. पुढे गुजरातमधल्या मोरबीच्या टाइल्स ट्रकांनी भरून महामार्गाने येऊ लागल्या, पातळ, हलक्या, स्वस्त. मिरगात ओल्या पायांनी त्यांच्यावर घसरून पडलेली माणसं मी घरातच पाहिली आहेत.

म्हणून आता लोक परत वळताहेत, आणि मला मनापासून आनंद आहे. फक्त घेताना लादीची कड पाहा. रंगाचा थर कागदासारखा पातळ असेल तर ती लादी दोन पिढ्याही टिकणार नाही. सगळ्या लाद्या एकाच घाण्यातल्या मागा, आणि दहा-पंधरा जास्त घेऊन ठेवा.

आमच्या आजोबांनी तशा ठेवल्या होत्या. गोठ्याच्या माळ्यावर पेंढ्याखाली सहा लाल लाद्या निघाल्या. पाइप टाकून झाल्यावर गवंड्याने त्यातली एक भिजत घालून ओटीवर बसवली, कारण काढलेलीचा कोपरा छिन्नीने उडाला होता. शेजारच्या लाद्या गुळगुळीत आहेत, ही अजून जराशी खरखरीत लागते. ओटीवरून अनवाणी चालताना पायाला ती बरोबर कळते.