ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी वळणात सुधारायची आहे? काम सांगण्याआधी हे वाचा

सस्पेन्शनच्या कामासाठी येणारे बहुतेक ग्राहक ठरवूनच येतात: गाडी खाली बसवा आणि कडक करा. दोन्ही कामे आम्ही करतो. पण मूळ तक्रार विचारली की वेगळेच निघते. गाडी जोरात पळते, ओल्या रस्त्यावरही छान ओढते, पण वळणात नाक बाहेर ढकलते. स्टिअरिंग आणखी वळवले तरी फरक पडत नाही. ही तक्रार खाली बसवल्याने जातेच असे नाही, काही गाड्यांत वाढते. म्हणून काय, का आणि कोणत्या क्रमाने करावे हे इथे लिहिले आहे.

नाक बाहेर का जाते

चारही चाकांना ताकद मिळण्याचा फायदा वळणातून बाहेर पडताना होतो. वळणात शिरताना त्याचा उपयोग जवळजवळ नाही. टायरची पकड ठराविक असते. त्यातली काही ओढण्यात खर्च झाली की वळण्यासाठी तेवढी कमी उरते, आणि या गाड्यांत पुढच्या टायरना दोन्ही कामे एकदम करावी लागतात.

त्यात वजन पुढे. सुबारू डब्ल्यूआरएक्समध्ये किंवा १९८० च्या पहिल्या ऑडी क्वाट्रोमध्ये इंजिन पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे बसवलेले आहे. लान्सर इव्होल्यूशन, गोल्फ आर यांचे इंजिन आडवे, पण भार पुढेच. १९८९ ची निस्सान स्कायलाइन आर-३२ जीटी-आर मात्र वेगळ्या जातीची: तिची ताकद एरवी मागच्या चाकांना जाते आणि गरज पडेल तशी पुढे येते. अशा गाडीला खालचे सल्ले जसेच्या तसे लावू नका.

आणखी एक कारण आहे, ते कंपनीने मुद्दाम ठेवलेले. वळणात घाबरलेला माणूस अ‍ॅक्सिलरेटर सोडतो. तेव्हा नाक बाहेर चाललेली गाडी आपोआप आत येते. मागून सुटणारी गाडी गरगरा फिरते. सर्वांसाठी गाडी बनवायची तर कंपनीचा हा निर्णय बरोबरच आहे. आपण त्यातला थोडासाच भाग बदलतो.

आधी टायर बघा

कामाला हात लावण्यापूर्वी आम्ही पुढच्या टायरवरून हात फिरवतो. बाहेरचा खांदा गोल झालेला, काठ खरखरीत, आणि आतली नक्षी मात्र जवळजवळ नवी, असे दिसले तर निम्मे निदान तिथेच झाले. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असलेल्या गाडीत, बॉडी कलली की बाहेरचे चाकही तिच्याबरोबर बाहेर कलते. कंपनीचा कॅम्बर (चाकाचा उभ्यापासूनचा कल; वरचे टोक आत झुकले की उणे) शून्याच्या आसपास असेल, तर भर वळणात टायर पूर्ण टेकतच नाही, काठावर चालतो.

टायर जुने आणि कडक झाले असतील तर पैसे तिथे खर्च करा, आमच्याकडे नंतर या. चारही टायर एकाच मॉडेलचे, एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे हवेत. पुढच्या-मागच्या टायरच्या घेरात फरक असेल तर सरळ रस्त्यावरही पुढे-मागे ताकद वाटणारा सेंटर डिफरन्शियल किंवा क्लच सतत काम करत राहतो आणि तापतो. एक टायर फुटला म्हणून एकच नवा घालणे ही या गाड्यांत महागात पडणारी बचत आहे.

अलाइनमेंट: सगळ्यात कमी खर्च, सगळ्यात जास्त फरक

रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला आम्ही साधारण पुढे उणे १.५ अंश कॅम्बर, पुढचा टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असणे) शून्य आणि मागे किंचित टो-इन (पुढची टोके जरा आत) ठेवतो. ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी पुढचा कॅम्बर उणे २.५ ते ३ अंशांपर्यंत नेतो. बऱ्याच स्ट्रटच्या गाड्यांत रस्त्यापुरता बदल कॅम्बर बोल्टने होऊ शकतो. ते पुरले नाहीत तर वरच्या बाजूला कॅम्बर प्लेट बसवावी लागते. मात्र त्यात रबराऐवजी धातूचे बेअरिंग असते, त्यामुळे खड्ड्याचा ठक्क आवाज थेट केबिनमध्ये येतो. काहींना तो चालतो, काहींना आठवड्यात नकोसा होतो.

उणे कॅम्बरने टायर आतून खातात, ही भीती आम्ही नेहमी ऐकतो. थोडे खरे आहे. पण टायर खाण्यात टो फार पुढे असतो. टो चुकला की टायर प्रत्येक मीटरला थोडा आडवा घासत जातो. कॅम्बर उणे आणि टो बरोबर असलेली गाडी, जी वळणांवर मनासारखी चालवली जाते, तिचे टायर पुष्कळदा आधीपेक्षा सारखे झिजतात.

अलाइनमेंट चारही चाकांची करायची. मागच्या चाकांची दिशा न बघता फक्त पुढची जुळवली तर स्टिअरिंग सरळ दिसते, गाडी तिरकी चालते.

मागचा अँटी-रोल बार

एकच सुटा भाग बदलायचा असेल तर आमचे मत या बारला. हा बार म्हणजे डावे-उजवे चाक जोडून बॉडीचे कलणे रोखणारी दांडी.

टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. म्हणजे वळणात ज्या अ‍ॅक्सलवर आतल्या चाकाचा भार बाहेरच्या चाकावर जास्त जातो, त्या अ‍ॅक्सलची एकूण पकड घटते. मागचा बार कडक केला की भाराची ही देवाणघेवाण मागे जास्त आणि पुढे कमी होते. पुढची पकड वाढते, मागची थोडी घटते आणि नाक आत येते. शिवाय पुढच्या आतल्या चाकावर भार टिकून राहतो, त्यामुळे ज्या गाड्यांत ताकद प्रामुख्याने पुढे जाते तिथे ते चाक नुसते फिरणेही कमी होते.

माप निवडताना घाई नको. भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिलिमीटरचा बार काढून २२ चा घातला तर तो ४६ टक्के कडक होतो. २४ चा घातला तर दुपटीहून जास्त! म्हणून 'चार मिलिमीटरने काय होते' असे म्हणू नका. आम्ही बहुधा दोन-तीन भोकांचा अ‍ॅडजस्टेबल बार सुचवतो आणि सुरुवात सर्वांत मऊ भोकावर करतो. जाड बारबरोबर लिंक रॉड आणि माउंटचे ब्रॅकेटही बळकट लागतात. मूळचे ब्रॅकेट वाकलेले आम्ही पाहिले आहेत.

बार बदलल्यावर ओल्या रस्त्यावर वळणाच्या मध्येच अ‍ॅक्सिलरेटर झटकन सोडलात तर मागची बाजू पूर्वीपेक्षा लवकर हलेल. नव्या वागणुकीची सवय होईपर्यंत स्टेबिलिटी कंट्रोल बंद करू नका.

स्प्रिंग, शॉकअप आणि खाली बसवण्याचा मोह

गाडी खाली बसली की गुरुत्वमध्य खाली येतो, हे बरोबर. पण स्ट्रटच्या गाडीत रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती बॉडी कलते तो, त्याहून जास्त खाली जाते. लोअर आर्म (चाकाला बॉडीशी जोडणारा खालचा दांडा) बाहेरच्या टोकाला वर उचलला गेला की समजायचे, इथे गडबड आहे. गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर यांतले अंतर हाच बॉडीला कलवणारा दांडा, आणि तो लांब झाला की गाडी कलायला जास्त उत्सुक होते. स्टिअरिंगची हालचाल चाकाला देणाऱ्या टाय रॉडचा कोनही बिघडतो, मग खड्ड्यावर चाक वर जाताना स्वतःच थोडे वळते आणि स्टिअरिंग हातात नाचते. याला उपाय आहेत, रोल सेंटर बॉल जॉइंट मिळतात, पण ते जास्तीचे काम आहे.

दुसरी अडचण चाकाच्या वर-खाली प्रवासाची. खाली बसवलेल्या गाडीत चाकाला वर जायला जागा उरत नाही. वळणात बॉडी कलते, त्यातच उंचवटा येतो, शॉकअप बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी अडथळ्यावर) आदळतो आणि त्या क्षणी ते चाक जणू स्प्रिंगशिवाय चालते. पकड तिथेच सुटते. म्हणून रस्त्यावरच्या गाडीला आमची मर्यादा २० ते २५ मिलिमीटर. तेवढ्याने चाकाच्या कमानीतली पोकळी भरत नाही, हे मान्य. दिखाव्यासाठी खाली बसवायची असेल तर तसे स्पष्ट सांगा, आम्ही बसवून देऊ. फक्त गाडी चांगली वळेल असे आश्वासन देणार नाही.

स्प्रिंगपेक्षा शॉकअपवर खर्च करा. कडक स्प्रिंग आणि जुना, थकलेला शॉकअप ही जोडी सर्वांत वाईट: गाडी दणकेही देते आणि उड्याही मारते. अ‍ॅडजस्टेबल शॉकअप घेतले की पहिल्या दिवशी सगळे नॉब शेवटपर्यंत कडक फिरवण्याची इच्छा होते. तसे करू नका. रिबाउंड (स्प्रिंग उलगडताना शॉकअपचा रोध) जास्त कडक झाला तर एका खड्ड्यानंतर स्प्रिंग पूर्ण उलगडण्याआधीच दुसरा येतो, आणि ओबडधोबड रस्त्यावर गाडी हळूहळू खाली दबत जाते. आम्ही मऊ टोकापासून एकेक क्लिक वाढवत जातो. गाडी एका हालचालीत शांत झाली की थांबतो.

पॉलियुरेथेन बुशचा, म्हणजे सांध्यांतल्या रबराच्या जागी बसणाऱ्या कडक प्लास्टिकच्या बुशचा, मोह सगळीकडे धरू नये. बारच्या माउंटला ते उत्तम. ज्या बुशला अनेक दिशांनी वाकावे लागते, उदाहरणार्थ मागच्या ट्रेलिंग आर्मचा, तिथे कडक बुश सस्पेन्शनलाच अडवतो. ग्रीस संपले की कुईकुई आवाज येतो तो वेगळा.

बसवताना

काम कोणाकडेही करा, पण एक प्रश्न विचारा: रबर बुशचे बोल्ट कुठे टाइट करता? गाडी लिफ्टवर, चाके लोंबकळत असताना बोल्ट पक्के केले तर रबर त्याच स्थितीत धरले जाते. गाडी जमिनीवर उतरली की ते कायमचे पिळलेले राहते, लवकर फाटते आणि गाडीची उंचीही खोटी दिसते. आम्ही चाकांवर वजन आल्यावरच शेवटचा टॉर्क देतो. वेळ जास्त लागतो, म्हणून गाडी त्याच दिवशी संध्याकाळी मिळेलच असे नाही.

उंची बदलल्यावर हेडलाइटचा झोत पुन्हा जुळवावा लागतो. लेन किंवा ब्रेकसाठी कॅमेरा-रडार असलेल्या गाडीत त्याचे कॅलिब्रेशनही तपासावे लागते. विमा कंपनीला बदल कळवणे आणि तुमच्याकडच्या वाहन नियमांत ते बसतात का हे पाहणे तुमच्याकडे. नव्या स्प्रिंग थोड्या बसतात, म्हणून काही शे किलोमीटरनंतर बोल्ट आणि अलाइनमेंट पुन्हा तपासायला या.

तपासणीला येताना

नेहमी जेवढे सामान डिकीत असते तेवढे असू द्या आणि टाकी साधारण अर्धी ठेवा. अलाइनमेंट त्याच वजनावर करायचे असते. टायरमध्ये किती हवा ठेवता ते लिहून आणा. तक्रार सांगताना ती वळणात शिरताना येते, मध्ये येते की बाहेर पडताना, एवढे आठवून ठेवा, कारण तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. आणि येण्याआधी टायरची अदलाबदल करून घेऊ नका, आहेत त्याच जागी राहू द्या. त्यांची झीज आम्हाला बघायची आहे.