‘पुढील उचित कार्यवाहीसाठी’: २६/११ आधीचे इशारे आणि प्रधान समिती

दहशतवादी हल्ल्याचा इशारा राज्य सरकारकडे येतो तो एका गोपनीय पत्राच्या रूपात. आयबी (केंद्राची देशांतर्गत गुप्तचर संस्था) किंवा केंद्रीय गृह मंत्रालय ते पाठवतं. ते मंत्रालयातल्या गृह विभागात आणि पोलीस महासंचालकांकडे येतं, मुंबईशी संबंध असेल तर पोलीस आयुक्तांकडे, मग परिमंडळाच्या उपायुक्तांकडे आणि शेवटी पोलीस ठाण्यात. प्रत्येक टेबलावर जावक क्रमांक पडतो आणि खाली ठरलेली ओळ येते: ‘पुढील उचित कार्यवाहीसाठी अग्रेषित’. उचित म्हणजे नेमकं काय, हे लिहिणं कोणाच्याच कामात मोडत नाही. ठाण्यात नाकाबंदी वाढते, डायरीत नोंद होते आणि काही दिवसांनी तीच माणसं दुसऱ्या बंदोबस्ताला जातात. हल्ल्यानंतर चौकशी होते तेव्हा प्रत्येकाकडे पत्र पुढे पाठवल्याची पोच असते.

ऑगस्ट २००६ पासून मुंबईबाबत आलेल्या पत्रांचं असंच झालं. हल्ल्यानंतर राज्य सरकारने चौकशीसाठी नेमलेल्या राम प्रधान समितीने ती एकत्र लावून वाचली तेव्हा सहा पत्रांत समुद्रमार्गे हल्ल्याची शक्यता होती, अकरांत एकाच वेळी अनेक ठिकाणी हल्ले होण्याची आणि तिनांत फिदायीन म्हणजे आत्मघातकी हल्ल्याची. सुटी वाचली तर प्रत्येक पत्रातली माहिती मोघम, तारीख नसलेली. एकत्र ठेवली तर पुढे जे घडलं त्याचा आराखडाच. पण ती एकत्र ठेवून वाचणारं टेबल मंत्रालयातही नव्हतं आणि आयुक्तालयातही नव्हतं.

काहीच हालचाल झाली नाही, असं मात्र नाही. सप्टेंबर २००८ मध्ये इस्लामाबादच्या मॅरियट हॉटेलात स्फोट झाल्यावर परिमंडळ एकचे उपायुक्त विश्वास नांगरे पाटील यांनी ताज हॉटेलच्या व्यवस्थापनाशी सुरक्षेबाबत बोलणी केली आणि तिथे काही उपाय लागूही झाले. हल्ल्याच्या आधी ते सैल पडले होते. इशाऱ्याला मुदत नसते आणि बंदोबस्त कायमचा ठेवता येत नाही, ही या कामातली जुनी अडचण आहे.

शेवटचा धागा समुद्रातला. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लष्कर-ए-तैयबाशी संबंधित संशयित बोटीची माहिती नौदल आणि तटरक्षक दलापर्यंत गेली. ती कारवाई करण्याजोगी नव्हती, असं नौदलाने नंतर सांगितलं. शोध पाकिस्तानी बोटीचा होता; दहा हल्लेखोरांनी मात्र वाटेत पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका ताब्यात घेतली होती आणि खलाशांना मारलं होतं. भारतीय नोंदणीची नौका मुंबईकडे येताना कोणाला खटकावी? तेव्हा लहान मासेमारी नौकांवर ओळख पटवणारं यंत्र सक्तीचं नव्हतं, मच्छीमारांची बायोमेट्रिक ओळखपत्रंही नव्हती. मुंबईजवळ आल्यावर ते रबरी बोटीत बसले आणि कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ, बधवार पार्कला उतरले.

कोकण किनाऱ्याला हे नवीन नव्हतं. १९९३ च्या स्फोटांतलं आरडीएक्स रायगडात दिघी आणि शेखाडीला उतरलं होतं. त्या खटल्यात कस्टम्सचे आणि पोलिसांचे लोक दोषी ठरले, कारण त्यांनी माल जाऊ दिला होता, पैसे घेतले होते. फरक इथेच आहे. लाच घेतली तर टाडा कोर्टापर्यंत, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याखालच्या विशेष न्यायालयापर्यंत, प्रकरण जातं. इशाऱ्याचं पत्र नुसतं पुढे ढकललं तर तो गुन्हा नाही, फार तर विभागीय चौकशी. तीही आयपीएस अधिकाऱ्याची असेल तर राज्य सरकार त्याला बडतर्फ करू शकत नाही; तो अधिकार केंद्राचा.

त्यामुळे २६/११ नंतर जबाबदारी राजीनाम्यांत मोजली गेली. ३० नोव्हेंबरला केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील गेले. १ डिसेंबरला राज्याचे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री आर. आर. पाटील गेले, मोठ्या शहरांत अशा छोट्या गोष्टी होतातच, अशा अर्थाचं हल्ल्याबद्दलचं ‘बडे बडे शहरों में’ हे वाक्य त्यांना भोवलं. काही दिवसांतच मुख्यमंत्री विलासराव देशमुख पायउतार झाले. तिघांच्याही राजीनाम्यात अमुक तारखेचा इशारा अमुक टेबलावर अडला, असा मुद्दा नव्हता.

तो मुद्दा चौकशीतून यायला हवा होता. ३० डिसेंबर २००८ रोजी राज्य सरकारने माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि गुप्तचर सेवेतले निवृत्त अधिकारी व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. ही समिती शासन निर्णयाने झाली, १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली नाही. वरवर तांत्रिक वाटणाऱ्या या निवडीने बरंच ठरवून टाकलं. कायद्याखालच्या आयोगाला साक्षीदार बोलावण्याचे, शपथेवर तपासण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. ज्याच्या लौकिकाला बाधा येईल त्याला कलम ८ ब खाली म्हणणं मांडू द्यावं लागतं. आणि अहवाल, त्यावर काय केलं हे सांगणाऱ्या कृती अहवालासह, सहा महिन्यांत सभागृहात ठेवावा लागतो. प्रधान समितीला यातलं काही लागू नव्हतं. शिवाय राज्याने नेमलेली असल्यामुळे केंद्राच्या यंत्रणा तिच्या आवाक्याबाहेर राहिल्या. म्हणजे पत्र ज्यांच्याकडे आलं त्यांना प्रश्न विचारले गेले, ज्यांनी पाठवलं त्यांना नाही.

या चौकटीतही अहवाल मिळमिळीत नव्हता. गृह विभागात इशारे हाताळण्यात गोंधळ होता, शीघ्र कृती दलाला दारूगोळ्याअभावी नेमबाजीचा सराव नव्हता, आणि आयुक्त हसन गफूर यांचं नेतृत्व त्या रात्री दिसलं नाही, हे समितीने लिहिलं. गफूर यांची जून २००९ मध्ये आयुक्तपदावरून बदली झाली. हल्ल्यासाठी टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीचा अहवालात मागमूस नाही, कारण तो शिकागोत पकडला गेला तो ऑक्टोबर २००९ मध्ये. २००६ ते २००८ या काळात त्याने वारंवार मुंबईत येऊन ताजचं चित्रीकरण केलं आणि उतरण्याच्या जागा बोटीतून पाहिल्या, हे त्यानंतर बाहेर आलं. तरीही चौकशी पुन्हा उघडली नाही. अमेरिकेत ९/११ नंतर कायदा करून आयोग नेमला गेला होता. २६/११ वर तसा राष्ट्रीय आयोग झालाच नाही.

यंत्रणा मात्र बदलली. एनआयए या राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा झाला, मुंबईला एनएसजी या केंद्राच्या कमांडो दलाचा तळ आला, राज्याने फोर्स वन हे स्वतःचं कमांडो दल उभं केलं, समुद्री सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे गेली. २००१ नंतर उभ्या राहिलेल्या, वेगवेगळ्या यंत्रणांची गुप्त माहिती एका जागी आणणाऱ्या मल्टी एजन्सी सेंटरला ३१ डिसेंबर २००८ च्या आदेशाने बळ मिळालं आणि माहिती वाटून घेणं यंत्रणांना बंधनकारक झालं. ती एकत्र लावून कारवाईही करणारं दहशतवादविरोधी केंद्र मात्र २०१२ मध्ये अनेक राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी विरोध केल्यामुळे अडकलं.

प्रधान समितीने अहवाल एप्रिल २००९ मध्येच दिला होता. तो संवेदनशील आहे म्हणून सरकारने ठेवून घेतला आणि फुटल्यावर डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात मांडला. गृहमंत्री तेव्हा पुन्हा आर. आर. पाटील होते.